बारा जीबी की आठ

सोमवारी दुपारी सेजलच्या कॉम्प्युटरचा पडदा आधी हिरवट झाला, मग त्यावर उभ्या रेघा आल्या आणि मग काहीच आलं नाही.

"आई, कार्ड गेलं," सेजल म्हणाली.

समोरच्या टेबलावर नकाशावर पेन्सिलीने खुणा करत बसलेल्या तिच्या सासूने मान वर केली. "कुठे गेलं?"

"गेलं म्हणजे जळलं. ग्राफिक्स कार्ड."

आनंदी गावस उठून आली आणि काळ्या पडद्याकडे बघत उभी राहिली. साखळीच्या बाजारात, औषधांच्या दुकानावरच्या खोलीत, या सासू-सुनेचं जमीन मोजणीचं ऑफिस होतं. आनंदीने एकोणीस वर्षं एका खाणीच्या सर्व्हे ऑफिसात काढली होती. उन्हात मोजपट्टी धरून उभी राहणारी मदतनीस म्हणून ती लागली आणि खाण बंद पडली तेव्हा नकाशे काढत होती. सेजल सिव्हिल शिकून या घरात आली आणि दोन वर्षांत तिने ड्रोन घेतला. सून फोटो काढायची, सासू जमिनीवरून मोजून ते ताडून बघायची. आनंदीचा मुलगा स्वप्नील वास्कोला बंदरात कामाला होता. तो शनिवारी घरी यायचा आणि या दोघींच्या कामात सहसा पडत नसे.

आत्ता हातात होतं ते काम आंबेखोलचं. या गावाच्या वर खाणीच्या मातीचा जुना डंप होता आणि तो पावसागणिक थोडा थोडा खाली सरकत होता. खाली व्हाळ, म्हणजे ओढा; व्हाळाच्या पलीकडे शेतं. डंपची देखभाल करणाऱ्या ठेकेदाराशी गावाचा लेखी करार झाला होता: डंपचा पायथा व्हाळापासून पाच मीटरच्या आत आला, तर ठेकेदाराने पावसाआधी तिथली माती उपसून द्यायची. पाच मीटरच्या बाहेर असेल, तर काही करायचं नाही. अंतर किती ते या दोघींनी मोजून सांगायचं होतं, आणि शुक्रवारी चार वाजता गावच्या देवळात सभा होती. पायथा झाडोऱ्याने भरलेला, दहा ठिकाणी वाकडातिकडा. म्हणून सेजलने ड्रोनने सहाशे चाळीस फोटो काढून आणले होते. ते फोटो एकमेकांना जोडून कॉम्प्युटर त्या जागेचा उंचसखल आकार उभा करणार होता, आणि त्यातलं सगळं जड काम त्या जळलेल्या कार्डावर होतं.

"नवीन घेऊया मग," आनंदी म्हणाली. तिला ते बल्ब बदलण्याइतकं सोपं वाटलं होतं.

मंगळवारी सकाळी दोघी डिचोलीला प्रवीणच्या दुकानात गेल्या. प्रवीण कॉम्प्युटर विकायचा आणि दुरुस्तही करायचा. त्याने काउंटरवर एक लहानसा खोका ठेवला.

"काकी, हे घ्या. नव्या पिढीचं कार्ड. आठ जीबी. वीज कमी खातं, तापत नाही. शनिवारपर्यंत वापरून बघा, नाही पटलं तर परत आणा."

सेजल खोक्यावरची अक्षरं वाचत होती तेवढ्यात आनंदीच्या भावाचा फोन आला. पांडुरंग पेडण्याला लग्नाचे व्हिडिओ करायचा. आदल्या दिवशी आनंदीने त्याला सगळं सांगितलं होतं.

"आठ जीबी?" तो फोनवर एवढ्याने ओरडला की प्रवीणलाही ऐकू गेलं. "घेऊ नको गो! माझं कार्ड बारा जीबी आहे. चार वर्षं झाली, एकदा बंद पडलेलं नाही. रविवारपर्यंत माझ्याकडे लग्न नाही. मी आणून देतो, लाव तू."

"दादा, पण हे नवीन आहे म्हणतात."

"नवीन असेल! बारा मोठे की आठ?"

आनंदीने प्रवीणकडे बघितलं. प्रवीण हसला. "काकी, बारा मोठे हे खरं. पण ते फक्त मेमरीचं झालं. वेग वेगळा."

संध्याकाळी दोन्ही कार्डं ऑफिसच्या टेबलावर शेजारी शेजारी पडली होती. पांडुरंगचं लांब, जाड, दोन पंख्यांचं; प्रवीणचं आखूड आणि हलकं. सेजलने एका कागदावर मधोमध रेघ मारली आणि इंटरनेटवर बघून दोन्हीकडे आकडे लिहिले. आनंदी चष्मा लावून वाचू लागली.

"मेमरी बारा आणि आठ. म्हणजे दादाचं चांगलं."

"हो."

"ही मेमरीची रुंदी. एकशे ब्याण्णव आणि एकशे अठ्ठावीस. परत दादाचं चांगलं."

"हो, पण प्रवीणच्या कार्डात आतली साठवण जास्त आहे, त्यामुळे त्याला एवढी रुंदी लागत नाही."

"बरं. हे कोअर. साडेतीन हजार आणि तीन हजार. हेही दादाचंच जास्त."

"हो, पण नवे कोअर जुन्यापेक्षा जास्त काम करतात, आई. ते आकडे एकमेकांना लावून बघायचे नसतात."

आनंदीने चष्मा काढला. "मग लिहिलेस कशाला?"

सेजलला हसू आलं, पण सासू थट्टा करत नव्हती. एकोणीस वर्षं तिने आकड्यांवर काढली होती. बारा मीटर म्हणजे बारा मीटर. डिचोलीतही तेवढेच, पेडण्यातही तेवढेच. इथे तीन हजार हे साडेतीन हजारांपेक्षा जास्त होते, आणि असं का ते कोणी सांगत नव्हतं.

"आणि हे वॉट?" तिने शेवटची ओळ दाखवली. "एकशे सत्तर आणि एकशे पंधरा. यात तरी जास्त ते चांगलं ना?"

"नाही. यात कमी ते चांगलं."

आनंदीने कागद खाली ठेवला आणि चहा मागवला.

चहा येईपर्यंत सेजलने तिला कार्डांच्या परीक्षेचे तीन व्हिडिओ दाखवले. पहिल्यात नवं कार्ड पुढे होतं. दुसऱ्यात दोन्ही जवळजवळ बरोबरीला. तिसऱ्यातला माणूस म्हणत होता की आठ जीबी घेणाऱ्याला दोन वर्षांत पश्चात्ताप होईल. स्वप्नीलला फोन केला तर तो म्हणाला, "जे स्वस्त असेल ते घ्या," आणि त्याची बोट लागली म्हणून फोन ठेवून दिला. शेवटी सेजल म्हणाली, "बोलून काही होणार नाही. दोन्हीवर आपलंच काम चालवून बघूया. बुधवारी एक, गुरुवारी दुसरं."

ते आनंदीला पटलं. मोजून बघायचं म्हणजे तिच्या ओळखीचं काही तरी होतं.

बुधवारी सकाळी प्रवीणचं कार्ड बसवून त्यांनी काम लावलं. तीन तास दहा मिनिटांत आंबेखोलचा डंप पडद्यावर उभा राहिला; लाल माती, करवंदीची झुडपं, खाली व्हाळाची वाकडी रेघ, सगळं. सेजलने पायथ्यापासून व्हाळापर्यंत सर्वांत कमी अंतर कुठे आहे ते शोधलं आणि मोजलं. सहा मीटर तीस सेंटिमीटर.

"पाचच्या बाहेर आहे," ती म्हणाली. तिला हायसं वाटलं होतं, कारण बाबाजींचा सकाळपासून तीनदा फोन येऊन गेला होता. बाबाजी परब आंबेखोलच्या शेतकरी मंडळाचे अध्यक्ष. चौथ्यांदा फोन वाजला तेव्हा तिने सांगून टाकलं, "काका, सव्वासहा मीटरच्या वर आहे. घाबरू नका."

"देवाक काळजी," बाबाजी म्हणाले. "मग सभेत भांडूचा काय कारण नाय. मी लोकांका सांगतंय."

आनंदी तेव्हा खाली बाजारात पाव आणायला गेली होती. ती परत आली तेव्हा फोन होऊन गेला होता.

"उद्या दुसरं कार्ड लावायचं होतं ना?" तिने विचारलं.

"ते वेळ बघायला, आई. अंतर काय, तेच येणार. फोटो तेच आहेत."

यात चुकीचं काही दिसत नव्हतं. आनंदीने पाव टेबलावर ठेवले.

गुरुवारी पांडुरंगचं कार्ड लावलं. पंखे मोठ्याने फिरू लागले, खोली तापली, खालच्या औषधांच्या दुकानात बसणारी सुविधा वर येऊन विचारून गेली की वर पिठाची गिरण टाकली काय. पाच तास पंचावन्न मिनिटं लागली. सेजलने कागदावर वेळ लिहिली आणि म्हणाली, "बघा. जवळजवळ दुप्पट. नवंच घ्यायचं."

मग तिने त्याच जागेचं अंतर मोजलं. चार मीटर दहा.

तिने पुन्हा मोजलं. चार मीटर बारा.

"आई," ती हळूच म्हणाली, "इकडे या."

आनंदीने स्वतः माउस हातात घेऊन मोजलं. मग कालची फाइल उघडून तीच जागा मोजली. तिथे सहा तीस. ती कालच्या आणि आजच्या चित्राकडे आळीपाळीने बघत राहिली. एकच डंप, एकच व्हाळ, एकच फोटो. कालच्या चित्रात डंप उतरत येऊन गुळगुळीत संपत होता. आजच्या चित्रात त्या उताराच्या खाली ढेकळांची आणि दगडांची एक बारीक रांग पुढे आलेली दिसत होती.

"कार्ड बदललं की अंतर बदलतं?" तिने विचारलं.

"नाही. बदलायला नको."

"मग कुठलं कार्ड खोटं बोलतंय?"

सेजलने प्रवीणला फोन केला. तो म्हणाला, कार्ड उत्तम आहे, सॉफ्टवेअरचा घोळ असेल. तिने पांडुरंगमामाला फोन केला. तो म्हणाला, "सांगितलं होतं ना, बारा ते बारा!" पण का, ते त्यालाही सांगता येईना. सेजलचा चेहरा उतरला होता. तिच्या डोक्यात कार्डं राहिलीच नव्हती, बाबाजी होते. गावात आता सगळ्यांना सहा मीटर माहीत झाले होते.

"आपण कोणाला काही सांगायच्या आधी," आनंदी म्हणाली, "उद्या सकाळी तिथे जाऊया. फीत घेऊन."

शुक्रवारी साडेसातला दोघी आंबेखोलच्या व्हाळावर होत्या. आनंदीने साडीचा पदर खोचून कमरेला बांधला, पायात स्वप्नीलचे जुने गमबूट घातले आणि कोयत्याने झाडोरा तोडत पायथ्याशी गेली. सेजल व्हाळाच्या काठावर फितीचं टोक धरून उभी होती.

"इथे दगडांची रांग आहे!" आनंदी आतून ओरडली. "गुडघ्याएवढी. वरून सुटून आलेली. हीच पायथा धरायची ना?"

"हो, हीच!"

फितीवर चार मीटर तीस आलं. दुसऱ्यांदा चार अठ्ठावीस. आनंदीने दगडांवर हात ठेवून बघितला. एक दगड सहज हलला आणि गडगडत दोन पावलं खाली गेला. ती तिथेच उकिडवी बसली. चार दहा आलं असतं तर तिला समाधान वाटलं असतं, सहा तीस आलं असतं तर निदान प्रश्न तरी मिटला असता. हे तिसरंच आलं.

"वीस सेंटिमीटर कुठे गेले?" तिने विचारलं.

"ते चालतं, आई. झाडोऱ्यात एवढा फरक पडतो. पण दोन मीटर नाही पडत."

परत येऊन सेजलने बुधवारच्या कामाचा सॉफ्टवेअरने तयार केलेला अहवाल उघडला. तिने तो तोवर पूर्ण वाचला नव्हता. पहिल्या पानावरचा वेळ बघून ठेवून दिला होता. अकराव्या पानावर, बारीक अक्षरांत, एक ओळ होती. मेमरी अपुरी असल्यामुळे फोटोंचा आकार आपोआप अर्धा केला.

तिने ती ओळ मोठ्याने वाचली. मग गुरुवारचा अहवाल उघडून तीच जागा बघितली. तिथे फोटो पूर्ण आकाराचे होते.

"म्हणजे?" आनंदीने विचारलं.

"म्हणजे सहाशे फोटो एकदम आठ जीबीत मावले नाहीत. सॉफ्टवेअरने आपल्याला न विचारता ते लहान केले. लहान केल्यावर त्या दगडांची रांग पुसली गेली. डंप मागे संपल्यासारखा दिसला."

आनंदीला हे समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा ती एकदम म्हणाली, "मग ते लवकर झालं ते वेगामुळे नाही! त्याने काम कमी केलं म्हणून."

सेजलने कपाळाला हात लावला. दोन दिवस चाललेली त्यांची सगळी परीक्षाच चुकली होती. एका कार्डाने पूर्ण काम केलं होतं, दुसऱ्याने थोडं, आणि त्या दोघांची वेळ त्यांनी एकाच कागदावर लिहिली होती.

"मग दादाचं चांगलं," आनंदी म्हणाली.

"तसंही म्हणता येत नाही." सेजलने घड्याळ बघितलं. साडेनऊ झाले होते. "फक्त पायथ्याकडचे दीडशे फोटो घेऊया. ते आठ जीबीत मावतील. दोन्ही कार्डांवर, पूर्ण आकारात."

मामाच्या कार्डाने एक्कावन्न मिनिटं घेतली. मग कॉम्प्युटर उघडून कार्ड काढायचं, दुसरं बसवायचं, हे सगळं सेजलने भरभर केलं. प्रवीणच्या कार्डाने अडतीस मिनिटं घेतली. आणि अंतर आलं, एकावर चार चौदा, दुसऱ्यावर चार तेरा.

आनंदी खुर्चीत बसली. आता दोन्ही कार्डं खरं बोलत होती, आणि नवं वेगवानही होतं. बुधवारी ते खोटं का बोललं तेही कळलं होतं. तरी कुठलं चांगलं, या प्रश्नाचं उत्तर मंगळवारी तिला जेवढं माहीत होतं त्यापेक्षा आता कमीच माहीत होतं.

"ते नंतर बघू," ती म्हणाली. "आधी बाबाजींना फोन कर."

"तुम्ही करता का?" सेजलने विचारलं.

"तू सांगितलंस ना सहा? मग चारही तूच सांग. मी बसते शेजारी."

सेजलने फोन लावला. नवा आकडा सांगितला. बाबाजी म्हणाले, "चेडवा, परवा सहा, आज चार. माझ्या लोकांका मी काय सांगू?"

"सांगा की मी चुकले. सभेत मी स्वतः सांगते."

चार वाजता देवळाच्या मंडपात पन्नास-साठ माणसं जमली होती. ठेकेदाराकडून शीतल राणे नावाची इंजिनिअर आली होती, तीस-बत्तीसची, हातात फाइल. बुधवारचा आकडा तिच्यापर्यंत पोचला होता. त्यामुळे सेजल उभी राहून बोलू लागली तशी तिने फाइल उघडली.

सेजलने सगळं सांगितलं. कार्ड जळलं, नवं आणलं, फोटो लहान झाले, दगडांची रांग दिसली नाही, अहवाल न वाचता आपण फोनवर आकडा दिला. मागच्या बाजूला कोणी तरी हसलं. बाबाजींनी वळून बघितल्यावर ते थांबलं.

"म्हणजे तुमच्याकडे सहा तीस, चार दहा, चार चौदा, चार तेरा आणि चार तीस असे पाच आकडे आहेत," शीतल म्हणाली. "मी कुठला धरू? मला वर उत्तर द्यायचं आहे."

तिचं म्हणणं रास्त होतं. सेजलने सासूकडे बघितलं.

आनंदी उठली. "पहिला सोडून द्या, तो अर्ध्या फोटोंचा. बाकीचे चारही पाचच्या आत आहेत. आणि तुम्हाला एकच हवा असेल तर फितीचा धरा. इथून दहा मिनिटांवर आहे. फीत मी आणलेली आहे, टोक तुम्ही धरा."

शीतलने पायांतल्या चपलांकडे बघितलं, मग फाइल मिटली. "चला."

निम्मा गाव व्हाळावर गेला. सकाळी तोडलेल्या झाडोऱ्यातून शीतल पायथ्यापर्यंत गेली, दगडांच्या रांगेवर फितीचं टोक धरलं आणि दुसरं टोक आनंदीने काठावर टेकवलं. चार मीटर एकतीस. शीतलने स्वतः वाचून फाइलमध्ये लिहिलं, खाली सही केली आणि बाबाजींना दाखवलं. सोमवारी मशीन पाठवते म्हणाली.

परत येताना बाबाजी सेजलच्या बरोबरीने चालत होते. "माका एक कळूक नाय," ते म्हणाले. "त्या यंत्रात दोष होतो काय?"

"नाही, काका. यंत्र चांगलं आहे."

"मगे दुसरा वायट होता?"

"तेही चांगलं आहे."

"मगे चूक खंय होती?"

"माझ्यात होती," सेजल म्हणाली. "थोडी त्या सॉफ्टवेअरमध्ये. जास्त माझ्यात."

बाबाजींनी मान हलवली, पण त्यांना ते पटलं की नाही ते कळलं नाही. सोमवारी मशीन आलं आणि तीन दिवस माती उपसत होतं, तेव्हा त्यांनी दोघींना फोन करून एवढंच सांगितलं की मशीन आलं.

त्याआधी रविवारी पांडुरंग पेडण्याहून कार्ड न्यायला आला. मंगळवारपासून त्याच्याकडे पाठोपाठ तीन लग्नं होती. आनंदीने त्याला घरी जेवायला बसवलं, आणि बांगड्याच्या आमटीबरोबर सगळी हकिगत सांगितली. तो खूश झाला.

"म्हणजे माझंच चांगलं ठरलं!"

"सगळे फोटो एकदम घातले तर तुझं," आनंदी म्हणाली. "दीडशेच घातले तर त्याचं."

"आणि तीनशे घातले तर?"

आनंदी वाढता वाढता थांबली. तिने सेजलकडे बघितलं. सेजलने खांदे उडवले. स्वप्नील पहिल्यांदाच ताटातून मान वर करून तिघांकडे बघू लागला.

"तू घेणार आहेस कुठलं?" पांडुरंगने विचारलं.

"तुझं तू नेतोस. राहिलं ते घेते," आनंदी म्हणाली. "शनिवारीच प्रवीणला सांगितलं, कार्ड आम्ही ठेवून घेतो म्हणून. आमची बहुतेक कामं लहान असतात. मोठं आलं तर तुकडे करून घालू. बरोबर ना गो?"

"बरोबर असावं," सेजल म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिस उघडल्यावर सेजलने आंबेखोलचे सगळे फोटो पुन्हा कॉम्प्युटरवर घेतले आणि त्यातले तीनशे वेगळे काढले. आनंदीने एक कोरा कागद समोर ओढला, वर तारीख घातली आणि पेन्सिलीला टोक करत विचारलं, "आकार अर्धा झाला तर ते कुठल्या पानावर लिहून येतं म्हणालीस?"